हॉलची दारं कुठं हवीत? माणसं बाहेर पडण्याचा हिशेब कसा मांडायचा

कार्यालय बुक करायला आलेली मंडळी पार्किंग विचारतात, एसी विचारतात, जनरेटर किती केव्हीएचा ते विचारतात. एका पंगतीला किती पानं उठतात हे तर विचारतातच. दारं किती आणि कुठं, हे कोणी विचारत नाही. फार तर वरात कुठून आत घ्यायची, एवढं. मी कराडजवळच्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघते. त्याआधी बरीच वर्षं एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढले, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरलं की माझी नजर आधी भिंतींकडे जाते.

खाली सांगते आहे त्यासाठी मोजपट्टी, चौकटींचा कागद, दोऱ्याचा तुकडा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं पुरे. हॉल चालवणाऱ्यांना, शाळेचं गॅदरिंग घेणाऱ्यांना, मंडळाचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना आणि मुलीच्या लग्नासाठी हॉल बघत फिरणाऱ्या आईबापांनाही हे जमेल.

आधी कागदावर

हॉलची लांबी-रुंदी मोजा आणि एक चौकट म्हणजे एक फूट धरून नकाशा काढा. आमचा हॉल ८० फूट लांब, ५० फूट रुंद. एका अरुंद भिंतीला स्टेज, १६ फूट खोल. म्हणजे लोकांसाठी उरले ३,२०० चौरस फूट. खुर्च्या दाटीने मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट धरतात, टेबलं मांडून जेवण असेल तर १५. हे आकडे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेतले, एनएफपीए नावाच्या संस्थेचे. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेतले आकडेही जवळपास तसेच आहेत. त्या हिशेबाने आमच्याकडे खुर्च्यांवर साडेचारशे माणसं. यजमान पत्रिका छापतात आठशे, आणि "सगळे कुठं एकदम येतात?" म्हणतात. अक्षतांच्या वेळी सगळे एकदमच येतात.

आता दारं काढा. नकाशात दाखवलेली दारं नकोत. आज, या क्षणी, किल्ली न शोधता आतून उघडतील तेवढीच काढा. आमच्या जुन्या नकाशात तीन होती. स्टेजसमोरच्या भिंतीत मधोमध ७ फुटी मुख्य दार. उजव्या लांब भिंतीत, स्टेजच्या थोडं अलीकडे, भोजनगृहाकडे जाणारं ५ फुटी दार. आणि मुख्य दाराच्याच भिंतीत, त्याच्यापासून १२ फुटांवर, ऑफिसच्या बाजूचं ४ फुटी दार.

हे तिसरं दार मी हिशेबात धरत नाही. का, ते दोरा सांगेल.

दोऱ्याची परीक्षा

नकाशावर एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणा. हा हॉलचा कर्ण. आमचा ९४ फूट. दोरा दुमडून अर्धा करा: ४७ फूट. दोन दारांमधलं अंतर निदान एवढं हवं, असा नियम आहे. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी तोंडं, बसवलेले असतील तर कर्णाच्या एक तृतीयांशावर चालतं. दोनाहून जास्त दारं असतील तर त्यातली दोन तरी इतकी लांब हवीत, आणि बाकीची अशा ठिकाणी की सगळी एका दणक्यात अडणार नाहीत.

नियमामागचं कारण साधं आहे. पडदा पेटला, शॉर्टसर्किट झालं, फटाक्याची ठिणगी कमानीवर पडली, तर एक दार जाणार हे धरूनच चालायचं. दुसरं त्याच धुरात असेल तर ते असून नसल्यासारखं. आमचं ऑफिसच्या बाजूचं दार मुख्य दारापासून १२ फुटांवर. मुख्य दाराची कमान पेटली तर तेही गेलंच. भोजनगृहाचं दार मात्र मुख्य दारापासून ६० फुटांवर, ते पास. म्हणजे कागदावर तीन दारं, खरी दोन.

दुरुस्तीच्या वेळी आणखी एक दार पाडायचं ठरलं तेव्हा मालकांना ते मागच्याच भिंतीत हवं होतं. तिथं विटांचं काम, फोडायला सोपं. मी डावी लांब भिंत धरून बसले. शेवटी तिच्या मधोमध ५ फुटी दार झालं: मुख्य दारापासून ४७ फूट आणि वर काही इंच, भोजनगृहाच्या दारापासून ५२ फूट. आता हॉलमध्ये कुठंही उभं राहा, दोन वेगळ्या दिशांना दोन वाटा आहेत. बसल्या जागेवरून बाहेर पडायला दोन दिशा आहेत का, हे नुसत्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. कोणी हॉल दाखवायला घेऊन गेलं तर स्टेजच्या अगदी समोर, पहिल्या रांगेत जाऊन उभं राहायचं आणि मागं न वळता विचारायचं, मुख्य दार बंद आहे असं समजून मी कुठून जाईन? उत्तर यायला वेळ लागला तर दुसरा हॉल बघा.

दारातून किती माणसं जातात

दाराच्या रुंदीतून आधी दोन्ही बाजूंचे सहा-सहा इंच वजा करा. माणूस चौकटीला खांदा घासत चालत नाही, तेवढी जागा वाया जातेच. उरलेल्या रुंदीतून, फुटाला मिनिटाला साधारण २४ माणसं जाऊ शकतात. याहून जास्त धरू नका. हा वरच्या टोकाचा आकडा आहे.

मुख्य दार ७ फूट, वजा एक, सहा गुणिले २४: मिनिटाला १४४. पाच फुटी दार: मिनिटाला ९६. साडेचारशे माणसं एकट्या मुख्य दारातून जायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. मुख्य आणि भोजनगृहाचं, दोन्ही दारं आपापल्या ताकदीप्रमाणे वापरली तर दोन मिनिटांच्या आत काम होतं. पण समजा साडेतीनशे माणसं मुख्य दाराकडेच धावली आणि शंभरच बाजूला गेली. मग बाजूचं दार एका मिनिटात रिकामं पडतं, आणि मुख्य दाराशी त्यानंतरही जवळजवळ दीड मिनिट गर्दी तुंबलेली असते. दार मोकळं, माणसं अडकलेली. नव्या डाव्या दारासह सगळं नीट वाटलं गेलं तर साधारण एक मिनिट वीस सेकंद.

याच गणितात एक गंमत आहे. साडेतीन फुटांची दोन दारं मिळून मिनिटाला १२०, आणि सात फुटांचं एकच दार १४४. कारण दोन दारांच्या चार कडा वाया जातात. म्हणून काही इंजिनिअर एकच ऐसपैस दार बरं म्हणतात. मला पटत नाही. ती दोन दारं शेजारी-शेजारी असतील तर त्यांचं खरं आहे. लांब असतील तर मिनिटामागे गेलेली चोवीस माणसं मी आनंदाने सोडेन, कारण एका दाराला आग लागली तर दुसऱ्यातून साठ तरी जातात. सात फुटी एकुलत्या एका दारातून तेव्हा शून्य.

दुसरी गोष्ट ढकलाढकलीची. डर्क हेल्बिंग हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात, संगणकावर उभ्या केलेल्या गर्दीचा अभ्यास छापला. माणसं जितकी जास्त घाई करतात, तितका वेळ एका मर्यादेनंतर वाढत जातो, असं त्यात दिसलं. तीन बाजूंनी आलेली माणसं दारापुढे अर्धवर्तुळात दाटतात आणि दगडी कमानीतले दगड एकमेकांना धरून ठेवतात तसे त्यांचे खांदे एकमेकांत अडकतात. मागच्यांनी रेटलं की पकड आणखी घट्ट.

भिंतीच्या मध्यावर की कोपऱ्यात?

मध्यावरचं दार सगळ्यांना जवळ पडतं. पण गर्दी तिन्ही बाजूंनी येते आणि तोंडाशी भांडण होतं. कोपऱ्यातल्या दाराशी माणसं पाव वर्तुळातच जमतात, भिंत त्यांना वळण लावते, आणि दाट गर्दीच्या प्रयोगांत असं दार अनेकदा मधल्या दारापेक्षा बरं चालल्याचं दिसलं आहे. मात्र लांबच्या कोपऱ्यातल्या माणसाला चालावं लागतं जास्त.

माझा निर्णय असा. खोलीत माणसं विरळ असतील, म्हणजे वाचनालय, ऑफिस, वर्ग, तर चालायचं अंतर महत्त्वाचं. दार मध्याकडे असलेलं चांगलं. हॉल खचाखच भरणार असेल तर चालण्यात वेळ जात नाही, दाराशी रांगेत जातो. तिथं दारं विखुरणं महत्त्वाचं: दोनच असतील तर समोरासमोरच्या लांब भिंतींत किंवा तिरक्या कोपऱ्यांत. सगळी दारं प्रेक्षकांच्या पाठीमागे असणं मला सगळ्यात वाईट वाटतं. एक तरी पुढच्या अर्ध्या भागात हवं. पण अगदी स्टेजला खेटून नको, कारण पडदे, हॅलोजन, कोल्ड फायरची नळकांडी हे सगळं स्टेजवरच असतं.

हे किती खरं आहे ते अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी दिसलं. 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये बँडच्या आतषबाजीने स्टेजमागचा फोम पेटला. स्टेजजवळ एक दार होतं, पण ते आगीच्याच शेजारी. दुसरी दारंही होती. तरी बहुतेक लोक ज्या पुढच्या दारातून आत आले होते तिकडेच वळले, आणि त्या दाराच्या अरुंद बोळात माणसांवर माणसं पडली. दीड मिनिटाच्या आसपास आत श्वास घेणं अशक्य झालं. शंभर जण गेले.

माणूस आलेल्या वाटेने परत जातो. आपल्याकडे पाहुणे येतात ते फुलांच्या कमानीतून, अत्तर लावून घेत, गुलाबपाणी अंगावर घेत. ती वाट त्यांच्या डोक्यात पक्की बसते. बाकीची दारं त्यांच्या लेखी भिंतच. म्हणून मुख्य दार निदान निम्म्या माणसांना पुरेल एवढं मोठं ठेवायचं, आणि बाकीची दारं आधीच ओळखीची करून द्यायची. आम्ही पिण्याच्या पाण्याचे जार नव्या डाव्या दाराच्या बाहेर, व्हरांड्यात हलवले. हात धुवायची जागा भोजनगृहाच्या दारापलीकडे आहेच. मुहूर्ताआधी तासभर आलेला प्रत्येक जण एकदा तरी या दारांतून जाऊन आलेला असतो. हिरवी पाटी लावाच, पण पाटीपेक्षा पायाखालून गेलेली वाट जास्त लक्षात राहते.

मंगलाष्टकांआधी गुरुजी माइकवर "सर्वांनी अक्षता घ्याव्यात" म्हणतात, तेव्हाच सूत्रसंचालकाला एक वाक्य जास्तीचं बोलायला सांगते: डावीकडे एक दार आहे, उजवीकडे भोजनगृहाचं. यजमानांना सुरुवातीला ते अशुभ वाटलं. मग मी ते "पाणी डावीकडे, भोजन उजवीकडे" असं करून टाकलं. काम तेच होतं.

फुकटची रंगीत तालीम

मराठी लग्नात दरवेळी एक प्रयोग आपोआप होतो. शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, की बसलेली सगळी माणसं एकाच क्षणी उठतात. निम्मी नवरा-नवरीला भेटायला स्टेजकडे, निम्मी जेवणाकडे. दाराशी उभं राहा, स्टॉपवॉच लावा आणि अर्ध्या मिनिटात किती डोकी गेली ते मोजा. दुप्पट केलं की तुमच्या दाराचा खरा आकडा.

आमच्या भोजनगृहाच्या दाराचा गणिताने ९६ येतो. मोजला तर साठ-पासष्ट भरला. कारण दारात उभं राहिल्यावरच कळलं. ताटांची चळत दाराच्या आत पाच फुटांवर होती, आणि प्रत्येक जण तिथं थांबून ताट पुसून घेत होता. त्यातच वधूपिता दारात उभे राहून "जेवून जा हं" म्हणत होते. ताटं वीस फूट आत नेली, यजमानांना उभं राहायला पलीकडच्या खांबाजवळ जागा दिली. आकडा ऐंशीच्या पुढे गेला. दाराला हातही लावला नाही. दाराच्या पलीकडे काय आहे, यावर दार किती चालतं ते ठरतं. बाहेर लगेच पायरी, उतरत्या जिन्याचं तोंड, लावलेल्या दुचाकी, जनरेटरची ट्रॉली: यातलं काहीही असलं की दाराची रुंदी कागदावरच राहते. सभामंडपात किंवा भारतीय बैठकीच्या कार्यक्रमात चपलांचा ढीगही यातच धरा. चपला दारापासून दहा पावलं बाजूला काढायला लावा, नाहीतर घाईच्या वेळी निम्मे लोक दारात वाकून आपला जोड शोधतात. आणि स्वयंपाकघरातून जाणारी वाट ही वाट धरू नका. गॅसच्या भट्ट्यांकडे कोणाला पाठवायचं नसतं.

दार असून नसणं

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची, धूर चढला बाल्कनीत. बाल्कनीच्या उजव्या बाजूची वाट खासगी बॉक्स आणि जादा खुर्च्या बसवून बंद झालेली होती. तिकडच्या माणसाला आपल्या बाजूने बाहेर जायला रस्ताच उरला नव्हता. शिकागोच्या इरोक्वॉइ नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ ला सहाशेहून अधिक लोक मेले. तिथं काही दारं पडद्यांमागे होती आणि काहींच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत.

पडद्यामागचं दार म्हटलं की मला आपले डेकोरेटर आठवतात. त्यांना सलग भिंत हवी असते. दार आलं की फ्रिल तुटते, म्हणून ते दारावरूनच कापड ओढतात. मग त्यापुढे सोफा, रुखवताचं टेबल, एलईडी वॉल, सेल्फी पॉइंट. चौकोनी मोकळी भिंत दिसली की तिथं सेल्फी पॉइंट, असा काही नियमच असावा. मुहूर्ताच्या आदल्या रात्री, मंडप पूर्ण झाल्यावर, प्रत्येक दार आतून स्वतः उघडून बघा. "उघडतं हो" असं ऐकून परत फिरू नका.

कुलपाचा प्रश्न खरा आहे. दागिने असतात, लहान मुलं असतात, आगंतुक जेवणारेही असतात, म्हणून यजमानच मागचं दार बंद करायला सांगतात. यावर उपाय जुना आहे. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १८८३ साली जिन्याच्या तळाशी एक दार जेमतेम एक मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खिट्टी घातली होती. खेळ संपताना बक्षिसांसाठी धावलेली १८३ मुलं तिथं चेंगरून गेली. त्यानंतर आतून दाबलं की उघडणारी आडवी दांडी पुढे आली. बाहेरून मूठ नाही, आतून पोटाने ढकललं तरी दार उघडतं. आमच्या डाव्या दाराला तीच बसवली आहे. हार्डवेअरवाल्याकडे 'पॅनिक बार' म्हणून मागा. आणि दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी रेटली की ते कोणाच्या बापाला उघडत नाही.

खुर्च्यांची वाट

दारं जागच्या जागी असली तरी खुर्च्या चुकीच्या मांडल्या तर उपयोग नाही. रांगांमधली वाट भिंतीवर जाऊन आपटू नये, दारावर जाऊन संपावी. आमच्याकडे मधली उभी वाट मुख्य दाराकडे, आणि डावं दार जिथं आहे तिथं एक आडवी वाट पूर्ण रुंदीची. ती आडवी वाट रोज कोणीतरी खुर्च्या सरकवून बुजवतं, म्हणून फरशीवर पिवळा पट्टाच मारून घेतला. प्लास्टिकच्या सुट्या खुर्च्या चार-चार एकत्र बांधा. एकटी खुर्ची आडवी पडली की वाट बंद. व्हीलचेअर आणि वयस्कर मंडळी बाजूच्या दारांजवळ, पण दारासमोर नाही.

प्रत्येक दाराला एक माणूस नेमा. वऱ्हाडातले दोन धडधाकट चुलतभाऊ मिळतातच. त्यांना सांगायचं एवढंच: काही झालं तर दोन्ही फळ्या उघडून बाहेर उभं राहा आणि मोठ्याने हाक मारा, "इकडून या!" दिवे गेल्यावर माणूस आवाजाच्या दिशेने चालतो.

उघड्यावर मंडप असेल तर दारं कुठं ठेवायची हे पूर्ण आपल्या हातात असतं, आणि तरी कनात चारी बाजूंनी बांधून एकच प्रवेशद्वार सोडतात. हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या समारंभात मंडप पेटून चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात मुलंच फार. कनातीत समोरासमोरच्या बाजूंना मोकळ्या जागा सोडा, आणि त्या जागेत ताणाचे दोर, खुंट्या, केबल येऊ देऊ नका.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हॉल बघताना ते जरूर मागा. पण त्यात यंत्रणा चालू आहे एवढंच कळतं. तुमच्या लग्नाच्या दिवशी सोफा कुठं ठेवला जाणार ते त्यात नसतं. म्हणून मी बुकिंगच्या पावतीमागे हॉलचा छोटा नकाशा छापून घेतला आहे. तिन्ही दारांसमोर सहा-सहा फुटांचा लाल चौकोन. त्यात काही ठेवलं तर अनामत कापली जाईल, असं खाली लिहिलं आहे, आणि एकदा कापलीसुद्धा. आता डेकोरेटर आत येतानाच विचारतात, "ताई, सेल्फी पॉइंट कुठं घेऊ?" ऑफिसच्या बाजूच्या त्या चार फुटी दारापुढे घ्या म्हणते. ते तसंही हिशेबात नाही.